दारी हत्ती, घरी एक्सेल

२०१२ च्या ऑक्टोबरात 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने एकविसाव्या शतकातली सर्वांत सेक्सी नोकरी कोणती, याचा निकाल लावून टाकला. नोकरी निघाली डेटा सायंटिस्टची. लेख लिहिणारे दोघे: थॉमस डेव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील. यातल्या पाटलांना ओबामांनी २०१५ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये नेऊन अमेरिकेचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट केलं आणि पाटीलकी थेट वॉशिंग्टनात पोचली. इकडे पुण्यातल्या वधूवर सूचक मंडळांनी हा निकाल अपील न करता मान्य केला. पूर्वी 'मुलगा आयटीत आहे' एवढ्यावर भागत होतं. आता 'आयटीत म्हणजे नेमका कशात?' असा उपप्रश्न येऊ लागला आणि 'बिग डेटा' हे उत्तर कानावर पडताच मुलीचे वडील बाणेरच्या फ्लॅटचा विषय काढू लागले.

पण काम करणाऱ्यापेक्षा कामाबद्दल सल्ला देणाऱ्याला जास्त पैसे मिळतात, हा जगाचा जुना रिवाज इथेही पाळला गेला. डेटा सायंटिस्ट गणित करतो. बिग डेटाचा व्यवसाय सल्लागार ते गणित कोणाकडून करून घ्यावं, कुठल्या मशीनवर करावं आणि त्यासाठी बजेट किती धरावं, हे सांगतो. उत्तर चुकलं तर गणित करणारा चुकलेला असतो. उत्तर बरोबर आलं तर सल्ला योग्य होता. आजचं सदर या दुसऱ्या प्राण्याला वाहिलेलं आहे.

या प्राण्याला सुगीचे दिवस आले ते एका अहवालाने. मे २०११ मध्ये मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की २०१८ पर्यंत एकट्या अमेरिकेत सखोल विश्लेषण येणाऱ्या १ लाख ४० हजार ते १ लाख ९० हजार माणसांचा तुटवडा पडणार. आणि त्या विश्लेषणाचा धंद्यात उपयोग कसा करायचा हे ज्यांना कळतं, असे १५ लाख मॅनेजर कमी पडणार. आता मॅकिन्झीचा मूळ धंदा काय, तर ज्यांना कळत नाही अशा मॅनेजरांना सल्ला देणं. गुरुजींनीच पत्रिका बघावी, गुरुजींनीच दोष काढावा आणि शांतीचा मुहूर्तही गुरुजींच्या सवडीने निघावा, तसा हा प्रकार. अहवाल फुकट वाटला होता. दक्षिणेचं नंतर बघू म्हणाले.

हा आकडा मग जगभरच्या हॉटेलांतल्या सभागृहांतून फिरला. पुण्यात तो क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर उतरला. सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट व्हा, प्लेसमेंटची शंभर टक्के हमी, फी हप्त्याने. त्या हमीचं काय झालं ते विद्यार्थ्यांना विचारा. क्लासच्या मालकांचं प्लेसमेंट मात्र खरंच शंभर टक्के झालं.

सल्लागाराच्या कारकिर्दीची सुरुवात मोरीतून होते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पहिली दोन-तीन वर्षं तो डेटा धुतो. एकाच गावाला पुणे, पूना, पुणे सिटी, पुणे-३० आणि नुसतंच 'पु' असं लिहिलेलं असतं. दहा वेळा नऊ असा मोबाइल नंबर शेकडो ग्राहकांचा असतो, कारण काउंटरवरच्या माणसाला रांग संपवायची होती. कुणाचं वय एकशे तेवीस असतं. एकाच माणसाची तीन खाती, तिन्हींत आडनावाची वेगळी स्पेलिंगं आणि एका ठिकाणी वडिलांच्या जागी सासऱ्यांचं नाव. या व्यवसायात खरोखर घाम गाळून केलेलं काम असेल तर ते हेच आणि म्हणूनच यात बढती नाही.

या कामाचा एक नमुना मला फार आवडतो. समजा महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या सहकारी बँकेने आपल्या खातेदारांचा डेटा सल्लागाराच्या हवाली केला. त्याने जन्मतारखांचा आलेख काढला. वर्षभर सपाट मैदान आणि १ जूनला एकदम कळसूबाई. इकडच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. बाप पोराला शाळेत घेऊन गेला, जन्माचा दाखला नव्हता, आईने सांगितलं, 'मोठ्या पुराच्या आदल्या साली झाला', गुरुजींनी अंदाजाने साल धरलं आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख टाकली १ जून. एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस असा हेडमास्तरांनी एका दिवसात साजरा करून टाकला.

पण आपला सल्लागार हा आलेख सिंगापुरात बसून बघतोय. त्याच्या दृष्टीने हा 'इनसाइट' आहे. तो नऊ महिने मागे मोजतो. येतो सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात काय असतं? गणेशोत्सव. कुटुंबं एकत्र येतात, वातावरण आनंदी असतं. सबब, बँकेने गणेशोत्सवात नवदांपत्यांसाठी खास कर्जयोजना आणावी आणि पुढच्या उन्हाळ्यात बाळंतपणाचा विमा विकावा. स्लाइड क्रमांक सदतीस, खाली बाप्पाचं छोटं चित्र. संचालक मंडळ टाळ्या वाजवतं. मंडळातल्या निम्म्या संचालकांचा स्वतःचा वाढदिवस १ जूनला असतो. पण पैसे मोजून आणलेल्या माणसाला मध्येच कसं तोडायचं? चहा घेऊन आलेल्या शिपायाला विचारलं असतं तर त्याने कपबशी ठेवता ठेवता उत्तर दिलं असतं. त्याला विचारायची तरतूद कंत्राटात नसते.

धुणं झालं की माणूस वर सरकतो. अॅनालिस्टचा कन्सल्टंट होतो, कन्सल्टंटचा मॅनेजर, मॅनेजरचा पार्टनर. शिडीचा नियम सोपा आहे: जितकं वर, तितकं डेटापासून लांब. अॅनालिस्ट दिवसभर डेटात असतो. मॅनेजर त्यावरच्या स्लाइडा बघतो. पार्टनर स्लाइडांचे मथळे वाचतो. त्याच्याकडे डेटाबेसचं लॉगिन नसतं आणि असलं तर लोक घाबरतील. त्याच्याकडे असतात त्या गोष्टी. म्हणजे वस्तू नव्हेत, कहाण्या.

आणि कहाण्या तर अशा की पंचतंत्रवाल्याने कान पकडावेत. पहिली, बिअर आणि डायपरची. बाप संध्याकाळी बाळाचे डायपर आणायला दुकानात जातो आणि जाता जाता स्वतःसाठी बिअर उचलतो. डेटाने हे ओळखलं, दुकानदाराने दोन्ही माल शेजारी मांडला आणि विक्री आभाळाला टेकली. ही कहाणी ऐकल्याशिवाय कोणाची एमबीए पदवी पूर्ण होत नाही. मूळ हकीकत १९९२ ची. टेराडेटा कंपनीच्या थॉमस ब्लिशॉक यांच्या गटाने अमेरिकेतल्या ऑस्को ड्रग या दुकानसाखळीच्या सुमारे २५ दुकानांतल्या १२ लाख खरेद्या तपासल्या. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान या दोन वस्तू एकत्र घेतल्या जाताना दिसल्या, इतकं खरं. दुकानाने पुढे काय केलं? काहीही नाही. माल होता तिथेच राहिला. कहाणीतला विक्रीचा भाग नंतर कोणाकोणाच्या तोंडून वाढत गेला. पुराव्याशिवाय एक पाऊल टाकू नका, असं सांगणाऱ्या व्यवसायाचं कुलदैवत हे असं, पुरावा नसलेलं.

दुसरी कहाणी टार्गेट दुकानाची. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात चार्ल्स डुहिग यांनी लिहिली. मिनिआपोलिसजवळच्या एका बापाला कळण्याआधी दुकानाला कळलं की त्याची शाळकरी मुलगी गरोदर आहे, कारण खरेदीचा नमुना तसा होता आणि कुपनं तशी घरी आली. बाप आधी भांडायला गेला, मग फोनवर माफी मागून मोकळा झाला. कहाणी झकास आहे. पण असा अंदाज किती घरी बरोबर निघाला आणि किती घरी चुकीची कुपनं गेली, हे मात्र कोणी सांगत नाही. साठ वर्षांच्या आजोबांना बाळाच्या पावडरीचं कुपन आलं तर आजोबा ते रद्दीत टाकतात. न्यूयॉर्कला कळवत बसत नाहीत. लागलेला बाण दिसतो. चुकलेले झाडीत पडतात. भविष्य सांगणाऱ्यांचा धंदा हजारो वर्षं याच तत्त्वावर चाललाय, फक्त त्यांनी पोपटाला सर्व्हर म्हटलं नव्हतं.

एक कहाणी मात्र पक्की आहे आणि ती सांगायला हवी, नाहीतर हे सदर एकांगी म्हणून पत्रं येतील. २००४ मध्ये फ्रान्सिस चक्रीवादळ फ्लोरिडाकडे येत असताना वॉलमार्टने आधीच्या वादळाच्या वेळची विक्री तपासली. टॉर्च, बॅटऱ्या खपतात हे कोणीही सांगितलं असतं. पण वादळाच्या आधी स्ट्रॉबेरीचे पॉप-टार्ट्स, म्हणजे न शिजवता खाता येणारी गोड पाकिटं, नेहमीच्या सातपट खपतात, असं निघालं. ट्रक भरून माल गेला आणि खपला. प्रश्न नेमका होता, डेटा स्वतःचा होता, उत्तरावर लगेच कृती झाली आणि ती बरोबर की चूक ते आठवडाभरात कळणार होतं. यातलं एकही कलम सर्वसाधारण सल्ल्याच्या कंत्राटात नसतं.

आता हत्तीकडे येऊ. २००६ च्या सुमारास डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांच्या कामातून हडूप नावाची प्रणाली उभी राहिली. गुगलने २००३ आणि २००४ मध्ये आपल्या यंत्रणेबद्दल निबंध छापले होते, त्यावरून हे स्फुरलं. एका मोठ्या मशीनऐवजी शेकडो साध्या मशीनवर डेटा वाटून ठेवायचा आणि काम त्या त्या ठिकाणी करून बेरीज घ्यायची, अशी ही युक्ती. नाव आलं कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीवरून. कल्पना उत्तम होती आणि याहूसारख्यांना तिची गरजही होती, कारण त्यांच्याकडे खरोखर तेवढा डेटा होता. पण सल्लागारांनी हा हत्ती गल्लोगल्ली फिरवला. पूर्वी दारात हत्ती झुलणं हे वैभवाचं लक्षण होतं. २०१३-१४ मध्ये सर्व्हर रूममध्ये हत्ती झुलणं हे झालं. तो बांधला. त्याला माहूत आणले, डॉलरात पगार घेणारे. मग लक्षात आलं की याला घालायला पुरेसा ऊसच आपल्याकडे पिकत नाही.

हे मी नुसतं खवचटपणाने म्हणत नाही. गुगलच्या बिगक्वेरी या सेवेच्या सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी एक, जॉर्डन टिगानी, यांनी २०२३ मध्ये बिग डेटाचा मृत्युलेखच लिहिला. त्यांचा अनुभव असा की बहुतेक ग्राहकांचा साठवलेला एकूण डेटा एक टेराबाइटसुद्धा नव्हता. एक टेराबाइटची डिस्क आज शर्टाच्या खिशात मावते आणि एका कुटुंबाच्या चौपाटीवरच्या भेळ-कुल्फीसकटच्या दोन-चार सहलींच्या खर्चात येते. खिशातल्या ऐवजासाठी लोकांनी हत्ती विकत घेतला होता. पुढे हत्तीवाल्यांचंही अवघड झालं. हडूपवर उभ्या राहिलेल्या तीन नावाजलेल्या कंपन्यांपैकी क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स यांनी २०१८ मध्ये विलीन व्हायचं ठरवलं आणि तिसरी, मॅपआर, २०१९ मध्ये एचपीई या कंपनीला विकली गेली. हत्ती घ्या म्हणणारे सल्लागार तोवर पुढच्या गावाला पोचले होते. तिथे ते 'क्लाउड'वर जा, हे सांगत होते.

मधल्या काळात त्यांनी प्रत्येक कंपनीत एक तळंही खणून घेतलं. डेटा लेक. येईल तो डेटा आत सोडा, उपयोग काय ते नंतर ठरवू. तळं राखील तो पाणी चाखील, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कंपन्यांना ते वर्षाच्या देखभाल कराराचं बिल आल्यावर कळलं. त्यातली खरी गंमत पुढेच आहे. 'सगळं साठवा, काही फेकू नका' हा सल्ला २०१२ चा. मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाला, २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याच माणसांनी, त्याच टायमध्ये येऊन सांगितलं, नको ते सगळं पुसा, नाहीतर दंड होईल. साठवायचे पैसे घेतले, पुसायचेही घेतले. एवढ्या सरळ हाताने दोन्हीकडून वाढून घेणारा पंगतीत दुसरा कोणी नाही.

तळ्याच्या खोलीला भुलायचं हे दुखणं मात्र आजचं नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. त्या काळात याहून मोठा डेटा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. निष्कर्ष: आल्फ्रेड लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नावं आली होती टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार बाळगणारे कोणाला मत देणार होते? शिवाय ज्यांनी कष्ट घेऊन उत्तर पोस्टात टाकलं, ते रागावलेलेच जास्त. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट येणार, हे सांगितलं होतं. 'डायजेस्ट' १९३८ मध्ये बंद पडलं. त्याला कोणी सल्लागार गाठ पडला असता तर म्हणाला असता, पुढच्या वेळी दोन कोटी पाठवू.

ही थट्टा वाटत असेल तर गुगलचं फ्लू ट्रेंड्स आठवा. २००८ मध्ये सुरू झालं. लोक ताप-खोकल्याबद्दल काय शोधतात, त्यावरून साथ किती पसरली ते सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचं. 'नेचर'मध्ये शोधनिबंध, जगभर वाहवा, प्रत्येक सल्लागाराच्या स्लाइडांच्या डेकमध्ये एक पान. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची पहिली लाट आली, ती याला नीट दिसलीच नाही. २०१२-१३ च्या हिवाळ्यात याने सरकारी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट रुग्ण सांगितले. 'सायन्स' नियतकालिकात २०१४ मध्ये हिशेब छापून आला: ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवड्यांचा अंदाज फुगलेला. दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा सरकारी आकडा घेऊन साधं गणित केलं असतं तरी उत्तर याहून बरं आलं असतं. २०१५ मध्ये गुगलने आपले अंदाज जाहीर करणं थांबवलं. डेकमधलं ते पान मात्र पुढेही बराच काळ निरोगी होतं.

आपल्या मुलखात या विषयातलं शहाणपण आधीपासून होतं, हे सांगायला मला कोणी पैसे देत नाही, म्हणून सांगतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. नमुना पाहणीतला जगन्मान्य माणूस, पुढे रोमला अन्न आणि शेती संघटनेत. १९४० च्या दशकात देशात पिकाचा अंदाज घ्यायला शेतात छोटी चौकट टाकायची, आतलं पीक कापायचं, वजन करायचं, अशी पद्धत चालू होती. चौकट किती मोठी असावी यावर कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी सुखात्म्यांचा वाद झाला. सुखात्म्यांनी दाखवलं की चौकट फार छोटी असली की उत्पन्न फुगतं. कारण कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, अशी वेळ आली की माणसाचा हात ते आत घेतो. चौकट लहान तितकी कड जास्त, कड जास्त तितकी लबाडी जास्त. आणि लबाडी म्हणावी तर करणाऱ्यालाही पत्ता नाही. हे वातानुकूलित खोलीत बसून, आकड्यांचं कितीही मोठं तळं उपसून सापडलं नसतं. कोणीतरी बांधावर उभं राहून कापणी बघावी लागली. आजचा सल्लागार बांधावर जायचं म्हटलं की आधी 'ट्रॅव्हल पॉलिसी' काढतो.

आणि आपण सगळेच एवढे डेटावाले झालो असताना, या देशात शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, हे जाता जाता लक्षात असू द्या. २०२१ ची २०२१ मध्ये झाली नाही. मग माणसं मोजायची संदर्भ तारीख म्हणून १ मार्च २०२७ जाहीर झाली. तुमच्या बोटाने फोनवर पिझ्झाच्या चित्रापाशी किती सेकंद विसावा घेतला, हे तीन खंडांतल्या सर्व्हरना माहीत आहे. आपल्या तालुक्यात माणसं किती, हे सांगायला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा काढून त्याला गुणाकार करावा लागतो.

तर हत्ती झाला, तळं झालं. या सगळ्याचं शेवटी होतं काय? एक्सेल. कोट्यवधीची यंत्रणा बसते, रंगीत डॅशबोर्ड झळकतो आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक बटण असतं, 'एक्सेलमध्ये काढा'. सगळ्यांत जास्त तेच दाबलं जातं. यातला विनोद ब्रिटनने ऑक्टोबर २०२० मध्ये जगाला दाखवला. करोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत होते आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ते एक्सेलच्या जुन्या नमुन्याच्या फाइलींत भरत होतं. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. फाइल भरली, पुढचं गळून पडलं, कोणाला पत्ता नाही. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत मोजलीच गेली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध तितके दिवस लांबला. बिग डेटाचा एवढा गवगवा होऊनही एका श्रीमंत देशाच्या आरोग्य खात्याचा घात झाला तो डेटा जरासा मोठा झाल्यामुळे.

दरम्यान २०१५ मध्ये गार्टनर या संशोधन-सल्ला कंपनीने उदयोन्मुख तंत्रज्ञानांच्या आपल्या प्रसिद्ध आलेखातून बिग डेटाला काढून टाकलं. कारण सांगितलं की आता हे सगळीकडे मुरलंय. सल्लागारांना इशारा पुरे असतो. व्हिजिटिंग कार्डं बदलली. तेच लोक आधी 'बिझनेस इंटेलिजन्स' होते, मग 'बिग डेटा', मग 'अॅडव्हान्स्ड अॅनालिटिक्स', मग 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन' आणि आता सगळे एआय आहेत. फोटो तोच, हात तसेच छातीवर घडी घातलेले. धुणारा अॅनालिस्टही अजून मोरीतच आहे, पुणे आणि पूना एक करतोय; फक्त आता त्याला सांगितलंय की हे काम एआयला शिकव आणि मग आपण तुझ्याबद्दल बोलू.

इथे मला खरं खुपतं ते सांगतो. हा माणूस क्लायंटच्या कंपनीत येऊन सगळं मोजायला लावतो. कामगार संडासात किती वेळ असतो इथपासून सेल्समन दिवसाला किती दारं ठोठावतो इथपर्यंत. मोजलं नाही तर सुधारणार कसं, हा त्याचा मंत्र. मग त्याने दिलेले सल्ले किती पाळले, पाळल्यावर फायदा किती झाला, तोटा किती, न पाळणारे जास्त सुखी आहेत का, याचा तक्ता कुठे मिळेल? हत्ती घेणाऱ्या शंभर कंपन्या आणि न घेणाऱ्या शंभर कंपन्या शेजारी ठेवून कोणी हिशेब लावून दाखवेल? एवढा साधा प्रश्न, डेटा तर त्यांच्याच तळ्यात. पण निकाल लागायच्या आत प्रकल्प संपतो, फुलांचा गुच्छ होतो, लिंक्डइनवर 'कृतज्ञ' असं लिहून फोटो पडतो आणि सल्लागार विमानात असतो. क्लायंटलाही हिशेब नकोच असतो. ज्याने कोट्यवधीचं बिल पास केलं, तो ते वाया गेलं असं कशाला लिहून ठेवील? दोघांचं एकमत असलेली ही एवढी एकच बाब.

म्हणून ऑस्ट्रेलियाची बातमी मी कात्रण काढून ठेवली. तिथल्या सरकारने बेकारभत्त्यातल्या दंडाची स्वयंचलित यंत्रणा नीट चालते का, याचा अहवाल डेलॉइट या सल्लागार कंपनीकडून करून घेतला. किंमत ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने तो वाचला. वाचला, हे महत्त्वाचं. असे अहवाल वाचण्यासाठी नसतात. त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ होते आणि न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक वाक्य निकालात नव्हतंच. लिहिताना एआयची मदत घेतल्याची नोंद दुरुस्त आवृत्तीत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने शुल्काचा काही भाग परत करायचं कबूल केलं. सल्ल्याचे पैसे परत! जगभर मथळे झाले. दुधात पाणी निघालं म्हणून गवळ्याने पैसे परत केले तर त्याची बातमी होत नाही, यावरून या धंद्यातला रिवाज काय ते ओळखा.

अर्थात सल्लागाराचं काहीच मोजलं जात नाही, असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. एक डेटा त्याच्याकडे असा आहे की ज्यात रिकामी ओळ नाही, चुकीची तारीख नाही, पुण्याची पाच स्पेलिंगं नाहीत. टाइमशीट. कुठल्या क्लायंटसाठी किती वेळ खर्ची पडला, ते पाव-पाव तासाच्या हिशेबाने, प्रकल्पाचा कोड टाकून, दर शुक्रवारी भरायचं. भरलं नाही तर संध्याकाळी आठवणीचा मेल, सोमवारी दुसरा, त्यात साहेब कॉपीत. विमानतळावर, लग्नात, सासऱ्यांच्या बाराव्याला, कुठेही असला तरी तो लॅपटॉप उघडतो आणि आकडे जुळवतो. आणि हे भरण्यात जो पाव तास जातो, त्यासाठीही एक वेगळा कोड असतो.